लालब्रू व्हॉस: उष्णतेत खुलणारं नॉर्वेचं यीस्ट

घरी बिअर करणाऱ्यांची निम्मी धडपड वॉर्ट, म्हणजे बिअर बनायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी, थंड करण्यात आणि नंतर थंड ठेवण्यात जाते. लॅलमंड कंपनीचं लालब्रू व्हॉस वापरलंत तर ती कटकट संपते. उकळलेला वॉर्ट ३७ अंशांवर आला तसं ११ ग्रॅमचं अख्खं पाकीट मी वीस लिटरवर भुरभुरलं आणि डबा ब्लँकेटमध्ये गुंडाळला. सकाळी एअरलॉक, म्हणजे डब्यातला वायू बाहेर सोडणारी झडप, बुडबुडे थांबवायचं नाव घेत नव्हता. दोन-तीन दिवसांत हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा स्थिरावला; आंबणं संपलं. इतक्या उष्णतेत नेहमीच्या एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टला थिनरसारखा उग्र दर्प सुटतो. इथे झाकण उघडताच ताज्या संत्र्याच्या सालीचा वास आला, आणि तो ग्लासातही टिकला.

हे यीस्ट पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉसच्या सिगमुंड येर्नेस या घरगुती बिअर करणाऱ्याकडून आलेलं, क्वाइक (नॉर्वेच्या शेतघरांत जपलेलं पारंपरिक यीस्ट) कुळातलं. तिथल्या शेतघरांत खाचा कोरलेल्या ओंडक्यावर किंवा गवताच्या कड्यावर यीस्ट सुकवून ठेवत. खराब झालं तर विरजण मागावं तसं शेजाऱ्याकडून आणत. वॉर्ट कोमट असतानाच यीस्ट टाकायचं आणि बिअर झटपट प्यायला घ्यायची, या रिवाजात पिढ्यानपिढ्या तगलं तेच यीस्ट उरलं. या परंपरेचे नॉर्वेजियन अभ्यासक लार्श मारियुस गारशोल शेतोशेती फिरले, नमुने प्रयोगशाळांपर्यंत पोचवले, म्हणून आज ते पाकिटात मिळतं. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात क्वाइकचा गट इतर बिअर यीस्टपेक्षा वेगळा निघाला. त्या शेतकऱ्यांनी किती मोलाचं जपलंय!

एक गोष्ट मात्र मला सलते. शेतघरातलं क्वाइक म्हणजे अनेक जातींचं मिश्रण, नॉर्वेतल्याच हॉर्निंडालच्या क्वाइकमध्ये तर बॅक्टेरियाही असतात. पाकिटात त्यातली एकच जात आहे. चव सुरेख, पण एकसुरी.

शिवाय हे यीस्ट खादाड आहे. शेतावरची बिअर चांगली कडक असायची, तेव्हा त्याला घट्ट वॉर्टची सवय. चार टक्क्यांची हलकी बिअर करणार असाल तर यीस्ट न्यूट्रियंट (यीस्टचं पोषक खाद्य) टाकाच, नाहीतर ते मध्येच रेंगाळतं. ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या फांद्या घालून केलेल्या कडक बिअरला ते फार शोभतं.

तळाला गाळ घट्ट बसतो, त्यामुळे बिअर नितळ निघते. तो गाळ फेकू नका. बेकिंग पेपरवर पातळ पसरून पूर्ण वाळवा, चुरा करून बंद डबीत फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी त्यातला चमचाभर पुरतो.