बॅटरी नसलेल्या स्नोमोबिलवर जीपीएस : दुसऱ्या हिवाळ्यात लिहिलेला अनुभव

जीपीएससाठी रेक्टिफायरचा (एसी विजेची डीसी करणारा) तयार किट लावून आता दुसरा हिवाळा चालू आहे, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही. खरं तर मागच्याच वर्षी लिहिणार होतो आणि तेव्हा चांगलं लिहिलं असतं. पण या महिन्यात विकणाऱ्याशी ईमेलवर जे काही झालं त्यानंतर सगळंच लिहून टाकायचं ठरवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे जायला नकोत.

माझी स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, जुनी पोलारिस इंडी, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, दोरी ओढून स्टार्ट. फ्लायव्हीलखालच्या स्टेटरमधून (वीज तयार करणाऱ्या गुंडाळ्यांमधून) एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज येते, त्यावरच हेडलाइट आणि त्यावरच हँडलचे हीटर. ज्यांनी लुना चालवलीय त्यांना हे समजवायला नको, रेस दिली की दिवा लख्ख आणि सिग्नलला थांबलो की पिवळा मिणमिणता, अगदी तोच प्रकार आहे इथे. जीपीएसला हवा स्थिर डीसी, आणि स्लेड देते खालीवर होणारा एसी, सगळी भानगड एवढीच.

फोन का नाही असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. आयफोनची वापरायची मर्यादा ॲपलच 0 ते 35 डिग्री सांगतं, आणि आम्ही फिरतो अमेरिकेत मिशिगन राज्याच्या वरच्या टोकाला, किविनॉमध्ये, जिथे 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच बर्फ पडला होता आणि त्याचा उंच फलक रस्त्यालगत उभा आहे. मायनस पंधरा-वीसला फोन खिशातून काढला की टक्केवारी डोळ्यादेखत खाली येते. हॅनकॉकहून कॅल्युमेटपर्यंत ठीक आहे, पण त्यापुढे कॉपर हार्बरकडे जाताना वारा सुटला की पुढच्या स्लेडच्या खुणा बुजतात, रेंजचा भरवसा नसतो, आणि तेव्हा आपण आलो ती रेघ स्क्रीनवर दिसणं ही चैन नाही, गरज आहे.

आणि बॅटरी का नाही बसवली? दुकानदाराने ट्रे, बॅटरी, वायरिंग आणि मजुरी धरून जो आकडा सांगितला त्यात चांगला वापरलेला जीपीएस येतो. शिवाय उन्हाळाभर झाकून ठेवलेल्या स्लेडमधली लीड-ॲसिड बॅटरी कोण चार्ज करत बसणार? उतरलेल्या बॅटरीतलं पाणी इथल्या थंडीत सरळ गोठतं आणि डबा फुटतो. पाच व्होल्ट, अर्धा ॲम्पिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉटच्या यंत्रासाठी एवढा संसार नको.

तर किट. आत ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा; डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो), 4700 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा), बाहेर सिगारेट-लायटरचं सॉकेट, त्यात यूएसबी चार्जर खोचायचा. पहिल्या दिवशीच चाललं आणि मी खूष. होटनच्या लिफ्ट ब्रिजच्या, म्हणजे वर उचलता येणाऱ्या पुलाच्या, खालच्या मजल्यावरून (हिवाळ्यात तो मजला स्नोमोबिलसाठीच असतो) पलीकडे जाऊन दिवसभर फिरलो, स्क्रीन जराही मंद झाली नाही.

मग जीपीएसच्या स्क्रीनवर सुरू झाला तो मेसेज. "बाहेरचा पुरवठा गेला, 30 सेकंदांत बंद होतोय." थांबलं की इंजिन बंद करावंच लागतं, मागचे येईपर्यंत टू-स्ट्रोकचा धूर कोण खाणार, आणि इंजिन बंद झालं की हा मेसेज. जाड ग्लोव्ह काढा, बटण दाबा, ग्लोव्ह घाला. नाही दाबलं तर यंत्र झोपतं, परत उठवा, उपग्रह पकडेपर्यंत थांबा, आणि ट्रॅकचे दोन तुकडे होतात. आत दोन डबल-ए सेल व्यवस्थित बसलेत, त्यावर हे चालूच राहायला हवं ना! माझ्यासाठी जीपीएसमध्ये याहून महत्त्वाची एकच गोष्ट म्हणजे नकाशा. सेटिंगमध्ये "पुरवठा गेल्यावर चालू राहा" हा पर्याय नसेल तर ते यंत्र स्लेडसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळू दे. माझ्यात तो पर्याय नाही. पुढचा जीपीएस मी याच एका ओळीवरून निवडणार आहे.

मोठा कॅपॅसिटर लावा असा सल्ला सगळे देतात. गणित करून बघा. 4700 मायक्रोफॅरड, बारा व्होल्टच्या बाजूला पाव ॲम्पिअरचा लोड, पंधरावरून आठ व्होल्टपर्यंत यायला साधारण 0.13 सेकंद. दुप्पट लावला तर पाव सेकंद. कॅपॅसिटर लहरी सपाट करतो, इंजिन बंद झाल्यावरची सोय तो करूच शकत नाही. वर थंडीत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची ताकद कमी होते ते वेगळंच.

आता इथे माझं मत बदललं. गेल्या वर्षी हा मेसेज चालत्या स्लेडवरही यायचा, आणि सगळा राग मी किटच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काढत होतो. यंदा लायटरचं सॉकेट काढून तिथे छोटा बक कन्व्हर्टर (जास्त व्होल्ट उतरवून स्थिर पाच व्होल्ट देणारा) सोल्डर केला, एलएम2596 चा, इनपुट 40 व्होल्टपर्यंत घेतो, आणि चालतानाचा मेसेज कायमचा गेला. म्हणजे रेक्टिफायर बिचारा नीट काम करत होता, त्या स्प्रिंगवाल्या प्लगचा खडबडीत ट्रेलवर क्षणभर संपर्क सुटत होता. स्लेडवर लायटर सॉकेट नकोच, हे मी आता ठामपणे सांगतो.

पण किटला चांगलं म्हणायला मी तयार नाही, कारण त्याच्याबरोबर आलेला कागद. त्यात लिहिलंय काळी (निगेटिव्ह) वायर चॅसिसला, म्हणजे स्लेडच्या धातूच्या सांगाड्याला जोडा. माझ्या स्लेडवर लायटिंग कॉइलचं (स्टेटरमधल्या दिव्याच्या गुंडाळीचं) एक टोक आधीच चॅसिसला आहे. ब्रिजचं निगेटिव्ह पण तिथेच दिलं तर अर्ध्या सायकलला एका डायोडमधून कॉइल शॉर्ट, हेडलाइट मंद आणि डायोडची राख. मी आधी मल्टिमीटर लावून बघितलं म्हणून वाचलं. हे विकणाऱ्याला आकृती काढून कळवलं, तर उत्तर काय, आमचा किट बॅटरी असलेल्या गाड्यांसाठी आहे, परत करायचा तर पोस्टेज तुमचं. विकताना पाकिटावर मोठ्या अक्षरात "बॅटरीची गरज नाही" छापलेलं होतं! कागद तरी सुधारा म्हटलं, त्यावर उत्तरच नाही.

स्वस्तातला मार्ग सांगतो, मित्राच्या स्लेडवर हाच केलाय. एवढ्या छोट्या लोडला ब्रिज लागतच नाही. एक डायोड, 1एन5404 चालतो, एक कॅपॅसिटर आणि तो बक. अर्धीच लहर वापरली जाते पण आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) सुद्धा एसीची फ्रिक्वेन्सी इथल्या घरातल्या 60 हर्ट्झपेक्षा बरीच जास्त असते त्यामुळे पुरतं, आणि निगेटिव्ह बिनधास्त चॅसिसला देता येतं. कॅपॅसिटर 25 व्होल्टचा घेऊ नका, मीटर 14 व्होल्ट एसी दाखवतो तेव्हा शिखर वीसच्या आसपास असतं, 50 व्होल्टचा घ्या. ब्रिजच ठेवायचा असेल तर निगेटिव्ह चॅसिसला लागू नये म्हणून जीपीएसचा माउंट प्लास्टिकचा हवा आणि यूएसबीचं धातूचं टोक हँडलला टेकता कामा नये.

सेल लिथियमचेच घाला, रिचार्ज न होणारे, ते मायनस 40 पर्यंत चालतात, अल्कलाइन त्याच्या खूप आधी मान टाकतात. आणि आत लिथियम-आयन बॅटरी असलेला जीपीएस असेल तर शून्याखाली तो चार्ज होऊ देऊ नका, सेल कायमचा खराब होतो.

मिनेसोटा किंवा ऑन्टॅरियोकडे कुणाची दोरीवाली फ्युएल-इंजेक्शन स्लेड असेल तर आयडलला हीटर फुल ठेवून ॲक्सेसरी वायरवर किती डीसी मिळतं ते मोजून सांगा, मित्राला पुढची स्लेड तशी घ्यायची आहे.