पाचवीनंतर सेमी इंग्रजी की सीबीएसई? नाशिकच्या पालकांसाठी सहावी ते आठवीचा तुलनात्मक आढावा

मूल मराठी शाळेतून पाचवी पूर्ण करत आले की नाशिकमधील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. आहे त्याच संस्थेच्या हायस्कूलमध्ये राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजीच्या तुकडीत ठेवावे, की गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या एखाद्या सीबीएसई शाळेत घालावे? मी गेली अनेक वर्षे शहरातील एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. त्यामुळे माझा कल एका बाजूला असू शकतो, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. तरीही दोन्ही बाजूंचे अभ्यासक्रम, नियम आणि खर्च जसे आहेत तसे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळा निवडताना बहुतेक पालक दहावीचा निकाल विचारतात. तो प्रश्न पाच वर्षे पुढचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे आणि शिक्षण हक्क कायद्यातही या इयत्तांचे निकष पहिली ते पाचवीपेक्षा वेगळे आहेत: वर्षाला किमान २२० दिवस, १००० तास अध्यापन आणि ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. या तीन वर्षांत मूल ऐकून शिकण्याकडून वाचून शिकण्याकडे वळते. म्हणून माझ्या मते इथे खरी तुलना मंडळाची नसून भाषेची आहे.

सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून असतात. दर जूनमध्ये सहावीच्या पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर तीन-चतुर्थांश आणि दोन-पंचमांश हे अपूर्णांक लिहिते आणि इंग्रजीतून सांगते, ‘कन्व्हर्ट इनटू लाइक फ्रॅक्शन्स’. गेल्या वर्षी पहिल्या बाकावरचा एक मुलगा वहीकडे पाहत गप्प बसून राहिला. मी हळूच म्हटले, ‘अरे, समच्छेद कर.’ त्याने मान वर करून लगेच सांगितले, ‘पंधरा-विसांश आणि आठ-विसांश.’ त्याला गणित येत होते, फक्त शब्द नवीन होता. अंश-छेद, लसावि-मसावि, पूर्णांक अशा दोन-तीनशे शब्दांची ही ओलांडणी साधारण दिवाळीपर्यंत पार पडते, कारण वर्गात शिक्षक दोन्ही शब्द वापरतात आणि उरलेले विषय मुलाच्या पायाखाली घट्ट असतात.

पूर्ण इंग्रजी माध्यमात ही ओलांडणी सगळ्या विषयांत एकदम करावी लागते. आमच्या शेजारचा एक मुलगा मराठी शाळेतून सहावीला सीबीएसई शाळेत गेला. इगतपुरीला धो-धो पाऊस पडतो आणि सिन्नर मात्र कोरडे का राहते, हे तो मराठीत अतिशय छान समजावून सांगत असे. ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, तिकडेच रिकामे होतात, आणि पुढे पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. परीक्षेत मात्र त्याने ‘रेन शॅडो’ची व्याख्या पाठ करून लिहिली, आणि त्यातला एक शब्द विसरल्यावर पुढचे सगळेच अडले. त्याचे पालक जिद्दीचे होते, रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर इंग्रजी धडे वाचत बसत. सातवीच्या अखेरीस तो सावरला. ज्या घरात असे रोज बसणे शक्य नाही, तिथे हा भार शिकवणीवर जातो आणि शिकवणीत पाठांतरच वाढते. उलट जे मूल पहिलीपासून इंग्रजी माध्यमात आहे, त्याच्या बाबतीत हा मुद्दा लागूच होत नाही. त्याने शाळा बदलण्याचे कारण दुसरे काही असेल तरच बदलावी.

विषयांची नावे पाहिली तर दोन्हीकडे फारसा फरक दिसत नाही. फरक आतल्या मजकुरात आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला प्राचीन भारताचा इतिहास आणि नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या स्थानिक शासन संस्था, सातवीला प्रामुख्याने स्वराज्याचा आणि मराठ्यांच्या सत्तेचा इतिहास, तर आठवीला आधुनिक काळ आणि शेवटी महाराष्ट्र राज्याची निर्मिती असा क्रम आहे. ज्या संस्थेची पुस्तके सीबीएसई शाळांत वापरतात, त्या एनसीईआरटीने २०२४-२५ पासून सहावीच्या नव्या पुस्तकात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र केले असून ते विषय संकल्पनांभोवती गुंफले आहेत. स्थानिक शासनाचे धडे तिथेही आहेत, पण दृष्टी अखिल भारतीय आहे. सीबीएसईचे पुस्तक प्रश्न विचारायला अधिक लावते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. आपल्या गावाचा, तालुक्याचा आणि राज्याचा तपशील मात्र राज्य मंडळाच्या पुस्तकांत जास्त मिळतो, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जवळचे आधी कळते, असा माझा अनुभव आहे.

सीबीएसई शाळेत गेल्यास मराठी सुटेल अशी भीती काही आजी-आजोबा व्यक्त करतात. २०२० च्या राज्याच्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे, त्यामुळे विषय म्हणून ती राहते. पण विषय म्हणून आठवड्याला काही तासिका मराठी असणे आणि इतिहास-भूगोल मराठीतून वाचणे यांत मोठे अंतर आहे. कोडिंग, कृत्रिम बुद्धिमत्ता यांसारखे छोटे कौशल्य अभ्यासघटक सीबीएसई सहावीपासून उपलब्ध करून देते. राज्य मंडळात कार्यानुभव आहे. दोन्ही ठिकाणी ते शिकवायला शिक्षक आहे का, एवढेच विचारावे.

मूल्यमापनाच्या बाबतीत राज्य मंडळाची रचना ठरलेली आहे. सहावीला आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा वाटा निम्मा-निम्मा असतो. सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० टक्के. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, वर्गातील निरीक्षण; संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. हे कागदावर उत्तम आहे. माझ्या वर्गासारख्या साठच्या आसपास मुलांच्या तुकडीत प्रत्येकाचे निरीक्षण मनासारखे होत नाही, याची मला खंत आहे. सीबीएसईत आठवीपर्यंत परीक्षा शाळाच घेते, त्यामुळे दोन शाळांच्या पद्धतीत बराच फरक आढळतो. प्रवेशापूर्वी तिथले सहावीचे मागील वर्षाचे प्रगतिपत्रक आणि एक प्रश्नपत्रिका पाहायला मागावी.

‘आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही’ हा समज आता सोडून द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती लागू केली. आठवीला प्रत्येक विषयाची वार्षिक परीक्षा ६० गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी २१ गुण लागतात; न मिळाल्यास पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांसाठी असाच नियम केला. आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही. खासगी सीबीएसई शाळेत आठवीचा निकाल कसा लावतात, हे लेखी विचारून घ्यावे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवरील बंदी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती या गोष्टी कोणत्याही मंडळाच्या शाळेला टाळता येत नाहीत.

खर्चाचा विचार फक्त वार्षिक फीपुरता करू नये. अनुदानित तुकडीत या इयत्तांना शिक्षण शुल्काचा प्रश्न जवळजवळ येत नाही, पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि आठवीपर्यंत शालेय पोषण आहार असतो. पण अनेक अनुदानित शाळांतील सेमीची तुकडी विनाअनुदानित असते आणि तिची फी वेगळी असते; हे प्रवेशाच्या दिवशी नव्हे, त्याआधी विचारावे. खासगी शाळेतील फीवाढीवर राज्याच्या शुल्क नियमन कायद्याचे बंधन आहे आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला त्यात अधिकार आहे. ही समिती कागदावरच आहे की तिच्या बैठका होतात, हे त्या शाळेतील एखाद्या पालकाकडून सहज कळते.

एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते, म्हणून ती इथे सविस्तर सांगते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला आपण सगळे एनएमएमएस म्हणतो, तिची परीक्षा आठवीत असते. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मूल निवडले गेले, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतील मूल तिला बसू शकत नाही, केंद्रीय आणि नवोदय विद्यालयातीलही नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे माझ्या वर्गातील अनेक मुलांचे पालक ओढाताण करून सहावीला मुलाची शाळा बदलतात, आणि फी भरताना ही संधी नकळत सोडतात. तसेच, ज्यांचे मूल शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागेतून खासगी शाळेत आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे की ती सवलत आठवीपर्यंतच आहे आणि शाळा बदलल्यास ती नव्या खासगी शाळेत सोबत जात नाही. नववीची फी आपल्याला झेपेल का, याचा हिशोब सहावीतच करावा.

दप्तर आणि गृहपाठ यांसाठी २०२० चे राष्ट्रीय दप्तर धोरण सहावी-सातवीला २ ते ३ किलो आणि आठवीला २.५ ते ४ किलो एवढे दप्तर, तर गृहपाठ दिवसाला फार तर एक तास असे सांगते. घरच्या वजनकाट्यावर दप्तर ठेवून पाहिले की शाळा हे किती पाळते ते समजते. जाण्यायेण्याचा वेळही यातच धरावा. सिडकोतून द्वारका चौक ओलांडून रोज व्हॅनने जाणाऱ्या मुलाचा दिवसाचा दीड तास रस्त्यावर जातो, आणि तो खेळातूनच कापला जातो.

बदलीची नोकरी असणाऱ्यांचा निर्णय सोपा आहे. देवळाली कॅम्प, ओझर किंवा नाशिकरोडच्या प्रेसमधील केंद्रीय कर्मचाऱ्यांना केंद्रीय विद्यालयात प्राधान्य मिळते आणि बदलीनंतर अभ्यासक्रम तोच राहतो. त्यांनी सीबीएसईच घ्यावी. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी दिंडोरी तालुक्यातील खेडगावचे नवोदय विद्यालय आहे. तिथे सहावीला प्रवेश परीक्षेतून घेतात, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि या तीन वर्षांत राहणे-जेवणासह शिक्षण मोफत असते.

ज्यांचे कुटुंब नाशिकमध्येच राहणार आहे आणि मूल मराठीतून शिकले आहे, त्यांना मी अनुदानित तुकडीतील सेमी इंग्रजीच सुचवेन. सीबीएसईकडे जायचे असेलच, तर ते सहावीला जावे. आठवीला भाषा आणि वार्षिक परीक्षेचा नियम हे दोन्ही एकाच वर्षी अंगावर येते. सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर आपली पाचवीची वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास चालू असते, म्हणून नवी शाळा मुलाला किती दिवस उशिरा येऊ देते हे फेब्रुवारीतच विचारून ठेवावे. दाखला मिळायला वेळ लागला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचेच कलम आहे. कार्यालयात कोणी तसे सांगितले तर मुख्याध्यापकांना भेटावे. आणि त्या भेटीत शाळेची इमारत पाहून झाल्यावर सातवीच्या एखाद्या मुलाची भूगोलाची वही मागून घ्यावी. सगळ्या वह्यांत फळ्यावरचे एकच उत्तर उतरवलेले आहे, की मुलांची स्वतःची वाक्ये आणि त्यांवर शिक्षकांच्या लाल शाईच्या दुरुस्त्या आहेत, हे पाच मिनिटांत दिसते.