अ‍ॅक्सेसचा रिपोर्ट सात महिने वापरून: हडपसरचे कुलकर्णी सर गायब

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं पाठ्यपुस्तकांचं दुकान आहे. क्लासवाल्यांना उधारीवर माल जातो आणि त्याचा हिशोब सात महिने अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे. टेबलं, फॉर्म याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते महिनाअखेरच्या छापील यादीबद्दल, म्हणजे त्यातल्या रिपोर्टबद्दल.

सुरुवातीला प्रत्येक बिलापुढे तेच नाव पुन्हा पुन्हा छापून येई. मग टेक्स्ट बॉक्सच्या प्रॉपर्टीत 'हाइड डुप्लिकेट्स' सापडलं. 'यस' केलं, नाव एकदाच आलं, खाली सगळं मोकळं. कागद तेवढाच लागतो, पण टोनर वाचतो. मी इतका खूश झालो की शेजारच्या मित्राच्या दुकानातही तेच लावून आलो आणि त्याचा चहा प्यायलो. त्या दिवशी मी पाच तारे दिले असते.

जूनच्या वसुलीत कळलं. आमच्याकडे दोन कुलकर्णी सर, एक कोथरूडचे, एक हडपसरचे. हे सेटिंग फक्त वरच्या ओळीत होतं तेच पुन्हा आलंय का एवढंच बघतं, माणूस बदलला का ते नाही. यादी नावावर लावलेली, त्यामुळे हडपसरकरांचं नावच लपलं आणि पाचही बिलं कोथरूडच्या सरांच्या खाती दिसली. त्यांचे ४,२०० होते, आमचा मुलगा ११,३४० मागायला गेला. सर म्हणाले, "वसुलीला येताना आधी माणूस ओळखून या."

रकमेच्या रकान्यालाही मीच हौसेनं 'यस' केलं होतं. एकाची १,२५० ची तीन बिलं, छापली एकच. खाली बेरीज मात्र ३,७५०! बेरीज बरोबर होती, मूर्ख मी होतो.

आता गट ग्राहक क्रमांकावर केलाय (नावावर केला तर दोन्ही सर पुन्हा एकत्र येतील), नाव-पत्ता-फोन ग्रुप हेडरमध्ये (गटाच्या वर छापला जाणारा भाग) आणि हेडरचं 'रिपीट सेक्शन' यस. एखाद्याची बिलं दुसऱ्या पानावर गेली तर तिथंही वर नाव येतं. क्रमही ग्रुपिंग-सॉर्टिंगच्या पट्टीतच द्यायचा. क्वेरीत (रिपोर्टसाठी टेबलांतून माहिती निवडून देते ती) लावलेल्या क्रमावर रिपोर्ट विसंबत नाही, हे कळायला माझा एक रविवार गेला.

अख्खा गट एका पानावर ठेवायचा पर्यायही वापरून पाहिला. यादी नऊ पानांची चौदा झाली, पाच पानं निव्वळ हवा! हवा छापायला मी रीम आणत नाही. 'हेडर आणि पहिली नोंद एकत्र' यावर आलो, दहा पानं. दुसऱ्या पानावर 'पुढे चालू' छापायला कोड लिहावा लागेल असं दिसतंय, म्हणून आमचा मुलगा ते पेनानंच लिहितो.

तूर्त साडेतीन तारे. मित्राच्या दुकानात अजून तेच जुनं सेटिंग आहे. उद्या जाऊन काढायला हवं, चहा या वेळी माझ्याकडून.