जामखेडचा आरोग्य प्रकल्प: शिबिरवाल्यांनी एकदा बघून यावा असा

देवाधर्माचं काम म्हणून खेड्यात आरोग्यसेवा करायची म्हटलं की मंडळी आधी शिबिर भरवतात. तपासणी, गोळ्यांची पुडी, फोटो. पुडी आठवड्यात संपते, दुखणं तिथंच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडचा सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उजवा ठरतो तो नेमका इथं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये तो सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला गावात नर्सबाई ठेवून पाहिल्या. बाहेरची, एकटी मुलगी. गावानं जवळ केलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. शिकायला केंद्रावर मुक्काम, आणि सगळ्या जातींच्या बाया एकाच मोठ्या गोधडीखाली. हातपंपही मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्याला सगळ्यांना तिकडंच यावं लागेल. सभामंडपात शिबिर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: काही पायऱ्या काहीजण चढतच नाहीत. रांगेआधी प्रार्थना किंवा आरती सक्तीची केली तर आणखी काही गळतात.

गावातल्या बाईचं मोल कळतं ते जुलाबात. ओआरएसचं, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायच्या जलसंजीवनीचं पाकीट मिळालं तर उत्तमच, पण एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच. थोडं थोडं पेल्यात टाकणं ही घरोघरची चूक. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. घोळ मिठात होतो. चमचा शिगोशीग भरला की प्रमाण बिघडतं आणि जास्त मीठ पोराला घातक. म्हणून आधी आपण चाखायचं. आसवांहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. जोडीला झिंकची गोळी, १४ दिवस. जुलाब थांबले की घरचे गोळी बंद करतात, तिथं सेविकेचा दुसरा फेरा लागतो. शिबिराला तो जमणार कसा?

न्यूमोनियाचंही तेच. पोर शांत असताना श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला तर दवाखाना. पंधरा सेकंद मोजून चौपट करणारे हमखास चुकतात, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नये, गाडी बघावी. जामखेडला सेविकेच्या पाठीशी प्रकल्पाचंच रुग्णालय आहे, हे नक्कल करणारे विसरतात. पाठवायला जागा नसेल तर सेविका नुसती निरोप्या.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागं १७६ अर्भकं दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. यात पाणी, आहार, महिला मंडळं, शेतकरी मंडळं सगळ्यांचा वाटा आहे, नुसत्या औषधांचा नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. या सेविकांना पगार नाही. मान मिळतो, जोडधंद्याला हात मिळतो. सत्तरच्या दशकात ते निभलं. २००५ नंतर सरकारी योजनेतल्या ‘आशा’ सेविका आल्या, कामागणिक मोबदला घेऊ लागल्या. आज नव्यानं सुरू करणाऱ्यानं सेवाभावाच्या नावाखाली बाईची मजुरी बुडवू नये. फेरीच्या दिवसाची खुरपणीची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर धरावी, औषधं त्याखाली.