एकाच खोलीत, एकाच लाइनवर: जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ४०७० सुपर, अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीत सोयाबीनचे पैसे आणि दोन वर्षांची बचत एकत्र करून आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड (कम्प्युटरमध्ये गेमचं चित्र तयार करणारा भाग) घेतलं. त्याआधी चार वर्षं जीटीएक्स १६५० वर खेळत होतो. ते विकलं नाही, पुतण्याच्या कम्प्युटरमध्ये लावून दिलं. दोन्ही कम्प्युटर एकाच खोलीत, एकाच इन्व्हर्टरवर. गाव हिंगणघाट तालुक्यातलं, घरावर टिन. कपाशीचा हंगाम, नवतपा, पावसाळा, सगळं दोन्ही कार्डांनी सोबतच काढलं. एसीच्या खोलीत केलेल्या चाचण्या पाहून मी कार्ड निवडलं होतं. आमच्याकडच्या विजेत आणि उन्हात ते कसं चालतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१६५० हे २०१९ चं कार्ड. ४ जीबी मेमरी, ७५ वॅट. एवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते, त्यामुळे माझ्या १६५० ला वेगळी वायर जोडावी लागत नाही. ४०७० सुपर जानेवारी २०२४ मध्ये आलं. १२ जीबी मेमरी, २२० वॅट, आणि कंपनी निदान ६५० वॅटचा एसएमपीएस (कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) लावायला सांगते. कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) मोजले तर ८९६ आणि ७१६८, म्हणजे बरोबर आठपट. खेळताना मात्र आठपट फरक क्वचितच जाणवतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये १६५० सुद्धा सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, देतं आणि पुतण्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला साठच दाखवतो. तिथे मोठं कार्ड लावूनही त्याला काही वेगळं दिसणार नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण पहिले दोन महिने मीही तसल्याच ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मोठं कार्ड चालवलं. जानेवारीत कापूस विकल्यावर १४४० पी (१०८० पी पेक्षा बारीक चित्र दाखवणारा), १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि कार्डाचे पैसे खरे त्या दिवशी वसूल व्हायला लागले.

जड गेममध्ये गोष्ट वेगळी. सायबरपंक २०७७ मध्ये १६५० वर १०८० पी, सगळं लो, एफएसआर (छोटं चित्र काढून मोठं करून दाखवणारी सोय) चालू, तेव्हा कुठे चाळीस-पंचेचाळीस फ्रेम मिळतात. ४०७० सुपर १४४० पी ला हाय सेटिंग आणि डीएलएसएस (एनव्हिडियाची तसलीच सोय) क्वालिटीवर शंभरच्या आसपास देतं. (प्रोसेसर आय५ १२४००एफ आहे.) पण मला फ्रेमच्या आकड्यापेक्षा मेमरीचा फरक जास्त मोठा वाटला. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वर नेलं की १६५० ची ४ जीबी भरून जाते. घोडा भरधाव येतो, वस्तीच्या तोंडाशी पोचतो, आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं पुसट दिसतात. दोन-तीन सेकंदांनी ती उमटतात, आणि नेमकं तेव्हाच चित्र थबकतं. पुतण्या ओरडतो, "काका, पाहा ना, पुन्हा अटकलं!" सरासरी फ्रेम ठीक असतात, पण हे थबकणं त्या सरासरीत दिसत नाही. १६५० ची चिप अजून थकलेली नाही, तिला मेमरी पुरत नाही. शिवाय इंडियाना जोन्सच्या २०२४ मध्ये आलेल्या गेमला आणि डूम: द डार्क एजेसला रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावलीचा खरा हिशेब करणारं) हार्डवेअर लागतंच. ते १६५० मध्ये नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलं तरी हे गेम तिच्यावर खेळता येत नाहीत.

आता विजेचं. इथे मी सगळ्यात जास्त पैसे आणि झोप घालवली.

आमच्याकडे इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, बॅटरी १५० एएचची. १६५० चा अख्खा कम्प्युटर खेळताना दीडशे वॅटच्या आतबाहेर घेतो. लाइट गेली तरी पुतण्या निवांत खेळत राहतो. माझा कम्प्युटर साडेतीनशेपर्यंत जायचा. लाइट गेली की इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंतच्या त्या क्षणात तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पहिल्या पंधरवड्यात असं इतक्यांदा झालं की मला वाटलं कार्डच खराब आलं. कार्डात काहीच दोष नव्हता. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. आमचं साध्या मोडवर होतं, त्यात बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो. यूपीएस मोड लावला आणि रीस्टार्ट थांबले.

पण मग संध्याकाळी दुसरंच सुरू झालं. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन सोडून बॅटरी धरतो. आमच्या गावात सातनंतर मीटर १७० दाखवतो. म्हणजे बल्ब लागलेला, पंखा हळू का होईना फिरतोय, आणि इन्व्हर्टर मात्र बॅटरी खातोय. साडेतीनशे वॅटच्या लोडखाली बॅटरी किती टिकणार? रात्री खरंच लाइट जायची तेव्हा घरात एक पंखाही चालायचा नाही, आणि बाबा अंगणात खाट टाकून पडायचे. त्याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर बसवला. कार्ड ६१ हजारांचं, पण ७५० वॅटचा एसएमपीएस, मॉनिटर आणि स्टॅबिलायझर धरून हिशेब ९५ हजारांच्या वर गेला. मोठं कार्ड घेणाऱ्यानं हा आकडा आधीच कागदावर मांडावा.

उन्हाळ्यानं मला एक गोष्ट नीट शिकवली. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना ४०७० सुपर ६० वर राहायचं. मे महिन्यात टिनाखाली खोली ४० वर गेली आणि कार्ड ७८ वर. दोन्ही वेळा फरक तेवढाच, ३८ अंशांचा. १६५० ला एकच छोटा पंखा. ते मे महिन्यात ८४-८५ पर्यंत जायचं आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, कमी करून स्वतःला सांभाळायचं. म्हणजे आकड्यांत छोटं कार्ड जास्त तापतं. पण खोली तापवतं ते मोठं! २२० वॅट आत गेले की तेवढीच उष्णता बाहेर येते, पंखे तीन असोत की एक. आई दारातूनच म्हणाली, "काऊन रे, खोलीत चूल पेटवली का?"

कूलर कम्प्युटरच्या तोंडावर लावायची चूक करू नका. आमचं पाणी बोअरचं, खारट. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच ओलसर हवेसोबत आत जातो. मी कूलर खिडकीत आडवा लावला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली. ओल कम्प्युटरपासून लांब राहते आणि गरम हवा निघून जाते.

खरा उपाय सॉफ्टवेअरमध्ये सापडला. एमएसआय आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं किती वीज घ्यायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणलं, म्हणजे १५४ वॅट. सायबरपंकमध्ये १०५ च्या जागी ९७-९८ फ्रेम आल्या. खेळताना मला फरक कळला नाही. मे महिन्यात कार्ड ६८-७० वर आलं आणि पूर्ण कम्प्युटर २८० वॅटच्या आसपास. रोज तीन तास धरले तर महिन्याला माझे सुमारे २५ युनिट, पुतण्याचे १३. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये फ्रेमची मर्यादा ८० ठेवली की हलक्या गेममध्ये वीज आणखी खाली येते. मोठं कार्ड असं आवरून चालवलं तर आमच्यासारख्या ठिकाणी ते फार सुंदर चालतं. पंखे इतके हळू फिरतात की रातकिडे ऐकू येतात.

धुळीबद्दल वेगळं सांगावंच लागेल, कारण आमची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. डिसेंबर-जानेवारीत समोरच्या खोलीत कापूस भरलेला असतो आणि त्याचे तंतू हवेत तरंगतात. फेब्रुवारीत १६५० उघडलं तेव्हा पंख्याखालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर अखंड थर जमलेला होता, गादीतून काढल्यासारखा, करड्या रंगाचा. चिमट्यानं एका टोकाला धरून ओढला तर सबंध थर एका तुकड्यात निघाला. साफ केल्यावर तेच कार्ड त्याच गेममध्ये ११ अंश थंड चाललं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोरानं ते वेडंवाकडं फिरून बेअरिंग जातं. मोठ्या कार्डात तंतू कमी अडकले. त्याची धातूची पाती जास्त विरळ असावीत असं वाटतं, शिवाय गेम चालू नसताना त्याचे पंखे फिरतच नाहीत.

खरेदीत एक फसगत झाली. नागपूरच्या एका दुकानातून कार्ड घेतलं, एसटीत मांडीवर ठेवून आणलं, आणि घरी आल्यावर दिसलं की बिलावर सीरियल नंबरच नाही. वॉरंटीसाठी तो लागतो. पुन्हा एक दिवस, पुन्हा तिकीट. दुकानातच खोक्यावरचा नंबर बिलावर लिहून घ्या. कॅबिनेटची लांबीही टेपनं मोजून जा. माझं कार्ड तीस सेंटिमीटरच्या वर आहे, त्यासाठी मला हार्डडिस्कची जाळी कापावी लागली.

बरेच जण विचारतात, मग घ्यायचं कोणतं? नवीन १६५० आता घेऊ नका, ४ जीबीत पुढचे गेम बसणार नाहीत. १०८० पी चा मॉनिटर आणि छोटा इन्व्हर्टर असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा. ते ७० वॅटचं आहे, साधारणपणे वेगळी वायर लागत नाही, आणि त्यात डीएलएसएस आणि रे ट्रेसिंग दोन्ही आहे. एसएमपीएस चांगला असेल तर आरएक्स ६६०० घ्या, ८ जीबी आणि १३२ वॅट. ४०७० सुपरच्या वर्गातलं कार्ड घ्यायचं असेल तर आधी आठवडाभर संध्याकाळी सात ते दहा मीटरवर व्होल्टेज लिहून ठेवा.

माझं कार्ड मी विकणार नाही. पुतण्याची बारावी मार्चमध्ये संपते. त्याला ३०५० घेऊन द्यायचं ठरलंय, आणि १६५० गावातल्या एका मुलाला, जो आतापर्यंत आमच्याच खोलीत येऊन खेळायचा.