ऑनिंगचा वाकलेला दांडा आणि आमचे 1,780 डॉलर

1,780 डॉलर. म्हणजे दीड लाख रुपये. कोणी पाकीट मारलं नाही, खातं हॅक झालं नाही. मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा पीत पीत पाठवले. पोटापाण्यासाठी मी अकाउंट्सचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारते. म्हणूनच हे लिहायला चार महिने लागले.

2024 च्या जूनमध्ये सासू-सासरे मिरजेहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही पश्चिम अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं एका फेरीत दाखवायचं ठरलं. अण्णांचे गुडघे आणि आईंचं पथ्य बघता रोज नवं हॉटेल जमणारं नव्हतं, म्हणून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच. स्वतःची शेगडी, स्वतःचा संडास, आईंना वरणभात. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडची जागा सहा महिने आधी धरावी लागते, ती धरली होती. विमानाची तिकिटं काढली होती. गाडी तेवढी राहिली, आणि मेच्या अखेरीला परवडणारी गाडी शिल्लक नव्हती. समोरच्याला आमची ही घाई पहिल्या मेसेजमध्येच कळली असणार, कारण मीच तारखांसकट लिहिली होती. तारखा अडकल्यात हे कधीच सांगू नका.

मालक आपापल्या गाड्या भाड्याने लावतात अशी एक साईट आहे. तिथे 25 फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती गाडी, 189 डॉलर रात्र. आठ रात्रींचे 1,512, साफसफाईचे 138, मिळून 1,650. त्यावर साईटची फी, विमा, कर असे 768. एकूण 2,418. मालकाचा मेसेज आला: साईट फार कापते, थेट केलंत तर 1,650 मध्ये देतो, वर 1,500 डिपॉझिट, ते परतीनंतर तीन दिवसांत परत. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मीही ओळखलं होतं. नवरा म्हणाला, "साईटवरूनच कर ना, डोक्याला ताप नको." पण 768 डॉलर! मी सोसायटीच्या भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करत वाढलेली बाई. माणूस फोनवर बोलला, गाडीचा व्हिडिओ पाठवला, त्याच्या पोरांच्या गोष्टी सांगितल्या. फोटोपुरती, खोटी गाडी नव्हती हो ती. तीच तर गंमत आहे, गाडी खरी होती.

पैसे मागितले फोन नंबरवर, इकडच्या बँकांची आपल्या यूपीआयसारखी सोय आहे तिच्यावर. माझ्या बँकेची दिवसाची मर्यादा 2,000, म्हणून पहिल्या दिवशी 2,000 पाठवले. पाठवायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं ते वेगळंच. साईटवर एक पुरुष, इथे एका बाईचं नाव, आडनावसुद्धा निराळं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. मला पटलं. आमच्याही घरी निम्मे व्यवहार नवऱ्याच्या खात्यातून होतात, मग त्याचं का खोटं मानायचं? उरलेले 1,150 दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवले. म्हणजे मध्ये अख्खी एक रात्र होती. ऑफिसात एखाद्या व्हेंडरचं नाव आणि खातं जुळलं नाही तर मी चेक अडवून ठेवते. इथे मी गाढ झोपले.

पण खरी चूक ती नव्हे. खरी चूक लास व्हेगासला, गाडी ताब्यात घेताना झाली.

गाडी त्याच्या घरी नाही, शहराबाहेरच्या एका पार्किंग यार्डात मिळाली. संध्याकाळचे साडेसहा, पारा 43, विमानाने आधीच चार तास खाल्लेले, पोरी रडकुंडीला आलेल्या, आई सावली शोधत होत्या. मालक घाईघाईने बटणं दाखवत होता: पाण्याचा पंप हा, गॅस हा, जनरेटर हा. अण्णा मात्र एसटीत 31 वर्षं मेकॅनिक होते. ते कोणालाही न विचारता गाडीभोवती फिरू लागले. प्रत्येक टायरला चपलेने टोला, कान देऊन आवाज. मग गाडीच्या उजव्या अंगाला, जिथे ऑनिंग, म्हणजे ती बाहेर ओढायची कापडी छत्री, गुंडाळलेली असते, तिथे थांबले. मागच्या दांड्यावर काळा टेप होता. नखाने त्याची कड उचलून पाहिली आणि मला हाक मारली.

"अगं, हे बघ. हा दांडा वाकला होता, ठोकून सरळ केलाय. टेप नवा आहे, दुखणं जुनं आहे. लिहून घे त्याच्याकडून."

आणि मी म्हणाले, "अण्णा, नंतर बघू हो. पोरी भाजून निघाल्यात."

हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. एक फोटो. एका फोटोला किती वेळ लागतो? फोन हातातच होता, त्यावर मी कॅम्पचा रस्ता लावत होते. अण्णा पुढे काही बोलले नाहीत. फक्त गाडीत बसताना पुटपुटले, "आमच्या डेपोत ओरखड्याचीसुद्धा नोंद झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडायची नाही."

सहल उत्तम झाली, हे खोटं कशाला बोलू? झायन-माउंट कार्मेलचा बोगदा 1930 चा, मैलभरापेक्षा लांब. तेव्हा मोठी गाडी असली की 15 डॉलर भरावे लागायचे, मग समोरची वाहतूक अडवून तुम्हाला मधून सोडायचे. आमच्यासाठी रस्ता अडवला म्हणून अण्णा मंत्र्यासारखे ताठ बसले होते. ब्राइसला पहाटे आईंनी शालीतून तोंड बाहेर काढून ते लाल सुळके पाहिले आणि म्हणाल्या, वारीला निघालेली माणसंच उभी आहेत. ऑनिंगला आम्ही हात लावला नाही. अण्णांनी सक्त मनाई केली होती, दांडा वाकलाय, उघडलात तर तुटेल. ॲरिझोनातल्या पेज गावाच्या उन्हात आम्ही गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून जेवलो, डोक्यावर छत्री गुंडाळलेलीच.

परतीला मालक आलाच नाही. "चावी गेटजवळच्या पेटीत टाका, मी नंतर बघतो." विमान गाठायचं होतं, टाकली. मालक समोर नसताना गाडी परत करू नका. विमान चुकलं तरी चालेल, नवं तिकीट माझ्या नुकसानीपेक्षा स्वस्तच पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी डिपॉझिटऐवजी बिल आलं. ऑनिंग फाटलं, दांडा मोडला: 1,340. जनरेटर 38 तास, तासाला 5 प्रमाणे: 190. मैल्याची टाकी साफ नाही: 250. जादा मैल 74, मैलाला 45 सेंट: 33.30. एकूण 1,813.30. डिपॉझिट जप्त, वर आणखी 313.30 द्या.

33.30 आमच्याकडून निघत होते. आम्ही 874 मैल चाललो, मोकळीक 800 ची होती. ते मी मान्य करते. बाकी सगळं धादांत खोटं. वॉचमनला जनरेटर लावायला बंदीच आहे, तिथे वीज मिळते. ग्रँड कॅन्यनच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या. पेजलाही वीज होती. जनरेटर लावला तो ब्राइसला, तीनेक तास, तोही आईंचं दूध गरम करायला आणि पंख्याला. पण जनरेटरचे तास मोजणारा छोटा मीटर असतो, हे मला बिल आल्यावर कळलं. गाडी घेताना आणि देताना त्याचा फोटो काढा. मैल्याची टाकी तर नवऱ्याने हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून पेट्रोल पंपावर 15 डॉलर देऊन रिकामी केली, पावती आहे. त्या दृश्याचा व्हिडिओसुद्धा आहे, पोरींनी हसत हसत काढलेला.

आता लाजेची गोष्ट. ते 313.30 मी भरले. त्याने लिहिलं की 48 तासांत भरले नाहीत तर वसुली एजन्सीकडे देईन, क्रेडिट स्कोअर घसरेल. आम्ही घर घेण्याच्या तयारीत होतो, कर्जाचा अर्ज बँकेत होता. मी घाबरले. नवऱ्याला न सांगता भरले.

भरल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्या फोनवर त्याने पाठवलेला फाटक्या ऑनिंगचा फोटो बघत होती. म्हणाली, "आई, मागे स्नोमॅन का आहे?" मोठा करून पाहिलं. मागच्या घराच्या गॅरेजवर दिव्यांची माळ आणि फुगवलेला, पांढरा, टोपीवाला स्नोमॅन. नाताळातला. गाडी आम्ही परत केली ती जुलैच्या सुरुवातीला. मी त्या फोटोकडे किमान वीस वेळा पाहिलं होतं, पण फक्त फाटलेल्या कापडाकडे.

मग सुरू झाली वणवण. आधी बँक. तीन फोन, एकदा 47 मिनिटं संगीत ऐकलं. उत्तर एकच: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या परवानगीशिवाय गेले असते तर काही करता आलं असतं. स्नोमॅनचा फोटो पाठवला, तर सांगतात की आम्ही वस्तूच्या दर्जाच्या वादात पडत नाही. कसली वस्तू? कसला दर्जा? क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता. साईटवाल्यांचं उत्तर त्याहून गोड: बुकिंग आमच्याकडून झालेलंच नाही, उलट बाहेर व्यवहार करून तुम्हीच आमचे नियम मोडलेत. चोर राहिला बाजूला, तंबी मला. तिथल्या पोलिसांना फोन केला, म्हणाले हा दिवाणी मामला आहे. इथल्या पोलिसांकडे गेले, म्हणाले घटना लास व्हेगासची, म्हणजे नेवाडा राज्यातली, तिथे विचारा. तिथे विचारलंच होतं की! सरकारच्या दोन ऑनलाइन तक्रार पानांवर तासभर भरभरून लिहिलं, दोन्हीकडून क्रमांक आला आणि वाक्य आलं की वैयक्तिक प्रकरणं आम्ही सोडवत नाही. मग ते पान कशाला? नोंदवहीत भर घालायला? नेवाडात 10,000 डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात विनावकील लावता येतो, हेही शोधलं. पण समन्स बजावायला त्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे काय आहे? एक फोन नंबर, आता बंद. एका बाईचं नाव, खरं की खोटं माहीत नाही. आणि एक यार्ड, जिथला माणूस म्हणतो की कोर्टाच्या आदेशाशिवाय गाडी कोणाची ते सांगणार नाही. चालकाच्या लायसन्सचा फोटो त्याने आमचा घेतला होता. आम्ही त्याचा मागितला नाही. मागा. नाही दिला तर तिथूनच परत फिरा.

सगळ्यात भीतिदायक गोष्ट आमच्या विमा एजंटने सांगितली. असं खाजगीत भाड्याने घेतलेलं मोटरहोम आमच्या कार पॉलिसीत बसत नव्हतं. म्हणजे सहा माणसं घेऊन, त्या बोगद्यातून, ग्रँड कॅन्यनच्या कडेकडेने, नवऱ्याने ती 25 फुटी गाडी विम्याशिवाय चालवली. त्या 768 मध्ये विमाही होता. मी तो "वाचवला".

अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात, "डिपॉझिट आलं का गं?" पहिल्या दोन वेळा "येईल" म्हणाले. तिसऱ्यांदा "आलं" म्हणून टाकलं. नवऱ्याला 313.30 चं अजून बोललेले नाही, म्हणजे हे वाचेल तेव्हा कळेल.

मागच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा साईटवर दिसली, नवं नाव, 179 डॉलर रात्र. तक्रार केली, गाडी अजून तिथेच आहे. लास व्हेगासहून कोणी जाणार असाल तर: पांढरी 25 फुटी क्लास सी, बाजूला निळा-तपकिरी पट्टा, आतले पडदे मोहरी रंगाचे, फ्रीजच्या दारावर खालच्या कोपऱ्यात पोचा. ऑनिंगच्या मागच्या दांड्यावर काळा टेप. साईटवरच्या चौथ्या फोटोत तो टेप दिसतो, फोटो मोठा करावा लागतो.