पहिलं एअर पिस्तूल: हवा, गॅस की स्प्रिंग? आणि छर्रा कोणता?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा वेगाचा असतो. 10 मीटर नेमबाजीसाठी तो प्रश्नच चुकीचा आहे. कागदाला स्वच्छ भोक पाडायला सेकंदाला 140 मीटर वेग पुरतो. पहिला छर्रा ज्या वेगाने सुटला, त्याच वेगाने सामन्यातला शेवटचा, साठावाही सुटतो का, हे विचारायला हवं. 150 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटरवर पोहोचेपर्यंत साधारण 22 मिमी खाली येतो, 140 वेगाचा 25 मिमी. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं असतं आणि पुढची वर्तुळं 8-8 मिमी अंतराने. म्हणजे हे तीन मिमी दहाच्या कडेवरचा नेम नऊवर आणू शकतात, आणि दशांशात गुण मोजल्या जाणाऱ्या फायनलमध्ये ते तीन-चार दशांश खातात. हात स्थिर असूनही गुण जातात आणि शिकणारा उगाच स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो.

छर्रा ढकलणारी ताकद चार प्रकारे मिळते.

स्प्रिंगचं पिस्तूल सगळ्यात स्वस्त. पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धडकतो आणि पिस्तूल हलतं. पकड जराशी बदलली तरी ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, सरकतो. छर्रा न भरता ट्रिगर दाबला तर पिस्टनच्या सीलचं नुकसान होतं. घरी नेम धरायची सवय लागावी एवढ्यापुरतं ठीक, स्पर्धेचा विचार असेल तर घेऊ नका.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारं पिस्तूल हातात छान बसतं, 12 ग्रॅमची कॅप्सूल बदलायलाही सोपी. अडचण मुंबईच्या हवेची आहे. या गॅसचा दाब तापमानावर ठरतो: 22 अंशांना सुमारे 60 बार, 30 अंशांना 72. एसी रेंजवर साइट (नेम धरायची खाच) जुळवली आणि मे महिन्यात उघड्या रेंजवर गेलात, की छर्रे दुसरीकडे लागायला लागतात. भराभर मारलं तर उलटं होतं: द्रव गॅसचं बाष्पीभवन होताना कॅप्सूल थंड पडते, दाब उतरतो आणि नेम खाली जातो. वर 31 अंशांच्या पुढे हा गॅस द्रवरूपात राहतच नाही. उन्हात उभ्या गाडीत भरलेलं पिस्तूल किंवा कॅप्सूल अजिबात ठेवू नये.

एका झटक्याच्या पंपाचं पिस्तूल (प्रत्येक नेमाआधी लांब दांडा एकदा दाबायचा) आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे. ना कॅप्सूल, ना सिलिंडर, ना कंप्रेसर. दर वेळी तेवढीच हवा कोंडली जाते, त्यामुळे वेग एकसारखा. पथ्यं दोन: दांडा एकाच लयीत दाबावा आणि दाबल्यावर फार वेळ थांबू नये, कारण दाबाने तापलेली हवा निवते आणि दाब उतरतो. साठ नेमांना दंड भरून येतो, हे मात्र खरं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो दांडा जड जाईल.

भरलेल्या हवेचं, म्हणजे पीसीपी पिस्तूल आज स्पर्धेत जवळजवळ सगळ्यांच्या हातात दिसतं. सिलिंडर 200 बारपर्यंत भरतात. रेग्युलेटर दाब एकसारखा ठेवतो, त्यामुळे सरावाचे नेम धरूनही अख्खा सामना एका भरणीत निघतो. धक्का जवळजवळ नाही. किंमत सर्वात जास्त, पण खरा प्रश्न हवा कुठून भरणार हा. वरळीच्या रेंजसारख्या ठिकाणी नियमित जाणार असाल तर क्लबमध्येच सोय होते का, ते आधी विचारा. डायव्हिंगच्या टाकीतून भरली तरी उत्तम, कारण ती हवा कोरडी असते. हातपंप मात्र मुंबईच्या पावसाळ्यात महागात पडतो. 30 अंश आणि 85 टक्के दमटपणा असताना एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाणी असतं. शंभर मिलिलिटरचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरायला 20 लिटर हवा लागते, म्हणजे दर भरणीला अर्धा ग्रॅम पाणी. ते आत साचून सिलिंडर आणि व्हॉल्व्ह खातं. पंपच वापरायचा असेल तर हवा कोरडी करणारं फिल्टर लावा आणि त्यातले दाणे रंग बदलले की बदला.

भरणी सावकाश करा. घाईत भरलेली हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. ऑक्सिजनच्या टाकीतून कधीही, कितीही अडलं तरी, भरू नका: ग्रीस किंवा तेलाशी गाठ पडली की दाबाखालचा ऑक्सिजन स्फोट घडवतो. सेकंडहँड पिस्तूल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडतो आणि तो वापरणं धोक्याचंही आहे.

थोडक्यात निवड अशी: रेंजवर हवेची सोय असेल तर पीसीपी, नसेल तर एका झटक्याचा पंप.

आता छर्रा. पिस्तुलासाठी चपट्या तोंडाचा मॅच (स्पर्धेचा) छर्राच घ्यावा, टोकदार नाही. चपटा छर्रा कागदावर कातरल्यासारखं गोल भोक पाडतो आणि गुण बिनवादाचे मिळतात. वजनं मुख्यतः दोन: सुमारे 0.45 ते 0.49 ग्रॅम हलके आणि 0.53 ग्रॅम जड. हलका छर्रा नळीतून लवकर सुटतो, म्हणजे हाताला हलायला तेवढा कमी वेळ मिळतो. नवशिक्याने हलक्यापासूनच सुरुवात करावी. जड छर्रा एअर रायफलला जास्त मानवतो.

डबीवर आणखी एक आकडा असतो, 4.49, 4.50, 4.51. तो छर्र्याच्या डोक्याचा व्यास. तुमच्या नळीला कोणता बसेल हे कोणी सांगू शकत नाही, अगदी एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे व्यास मानवतात. म्हणून पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून 10 मीटरवर प्रत्येक व्यासाचे पाच-पाच छर्र्यांचे पाच ग्रुप मारा. व्यास किंवा कंपनी बदलली की पहिले वीस छर्रे मोजू नका, नळीत नव्या शिशाचा थर बसायला तेवढे लागतात. पाच छर्र्यांचं भोक बाहेरच्या कडांपासून सात मिमीच्या आसपास राहिलं तर तो व्यास तुमचा.

भरण्याआधी छर्रा काचेवर घरंगळवून पाहा. मागचा घेर चेपलेला असेल तर तो अडखळत, वाकडा घरंगळतो. तो सरावालाही वापरू नये. डबी बंद कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, समुद्राच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. ती भुकटी आणि काळे झालेले हात, दोन्ही शिसंच. वडापावला हात लावण्याआधी साबणाने धुवा, आणि छर्रे तोंडात धरायची सवय मुलांना लागू देऊ नका.

व्यास ठरला की त्याच लॉटच्या पाच-सहा डब्या एकदम घ्या. पुढच्या लॉटवर तोच आकडा छापलेला असला, तरी शिकंजा पुन्हा बाहेर काढावा लागतो.